सुट्टीनंतरची तारीख

सोलापूरचं ऊन मी ज्याला ज्याला सांगितलं त्यानं मला फेकू म्हटलं आहे, म्हणून आधीच बजावतो, यात एक अक्षर खोटं नाही. एका वैशाखात आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझी डावी चप्पल डांबरात रुतली. ओढली, हलवली, शेजारच्या दोघांना मदतीला घेतलं, निघेना. शेवटी एका चपलेवर घरी आलो. पुढं महापालिकेनं त्याच जागी पुन्हा डांबर ओतलं, तरी आजही भर दुपारी रस्ता तापला की तिचा अंगठा वर येतो आणि दिवस कलला की खाली जातो. आमच्या मंडळींचं म्हणणं, चप्पल मी अक्कलकोटला मठाबाहेर हरवली. असेलही. पण मग डांबरातनं वर येतो तो अंगठा कुणाचा, याचं उत्तर त्यांच्याकडं नाही.

यंदाही ऊन तसंच आलंय. कडुनिंबाचा मोहोर अंगणात पडून पिवळा चुरा झालाय. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नाही; भुंकायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की ऊन आत जातं. नळाला पाणी यायचं तेव्हा येतं आणि आलं की सगळी गल्ली लग्नघरासारखी पळते. मी डोक्यावर ओला पंचा टाकून ओसरीवर बसतो, पेपर उघडतो, आणि आतल्या पानावर, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं, ती दोन ओळींची बातमी शोधतो. न्यायालयांना उन्हाळी सुट्टी. ती बातमी वाचली की ओल्या पंच्यातही माझ्या पाठीवरून एक गार ओघळ जातो. घामाचा नव्हे.

सुट्टी म्हटलं की तुम्हाला आंबे आठवत असतील, मामाचं गाव आठवत असेल. मला तुरुंगाचं फाटक आठवतं. संध्याकाळी कोर्टातनं परत आलेली पोलिसांची गाडी, तिचं तापलेलं पत्र्याचं पोट, आणि त्यातनं एकेक करून उतरणारी माणसं. कुणाला विचारायची गरज पडायची नाही. ज्याला चालू आठवड्यातली तारीख मिळाली तो उडी मारून उतरायचा. ज्याला सुट्टीनंतरची मिळाली तो आधी एक पाय खाली ठेवायचा, थांबायचा, मग दुसरा.

मी त्या तुरुंगाच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. कागदावर औषधनिर्माता, हवालदारांसाठी कंपाउंडर, आणि कैद्यांसाठी थेट डॉक्टरसाहेब. खरे डॉक्टर यायचे, तपासायचे, जायचे. उरलेला वेळ त्या बिरुदाचा मान मी राखत असे. माझ्या गुलाबी औषधाची ख्याती लातूरपर्यंत होती. एका दरोडेखोराला मी ते खोकल्यासाठी दिलं, तर त्याचा खोकला गेलाच, वर त्यानं तीन जुने गुन्हे कबूल केले. मला भाषा चौदा येत. तेलुगू, उर्दू, गुजराती, वडारी, कुठलीही घ्या, ‘कुठं दुखतं’ आणि ‘गोळी चावू नको, गीळ’ एवढं मी कोणत्याही भाषेत सांगू शके, आणि माणसाचं माणसाशी यापलीकडं काम तरी काय असतं? कन्नड मात्र मला खरोखर येत होतं. आजोळ दुधनीचं. तिथं पोरं मराठीत जेवायला बसतात आणि कन्नडात हात धुतात.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडं नवी पद्धत आली, आणि पद्धतीबरोबर आली सोनकांबळे मॅडम. बुधवार पेठेतली पोरगी, वडील रेल्वेत, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली. अंगानं एवढीशी, की पहिल्या दिवशी फाटकावरच्या शिपायानं तिला ‘मुलाखतीची रांग पलीकडं हाय’ म्हणून पिटाळलं. मुलाखत म्हणजे आमच्याकडं घरच्यांनी येऊन जाळीआडून भेटणं. ती म्हणाली, “रांगेतल्यांनाच भेटायला आलेय, पण आतल्या.” आणि आत आली.

काम साधं होतं. तुरुंगात जो माणूस नवा येईल, त्याला आम्ही नवी आमद म्हणतो, त्याच्याशी त्याच दिवशी समोर बसून बोलायचं. झोप लागते का, घरी कोण आहे, कुणाला कळवलंय का, याआधी कधी काही झालंय का, आणि शेवटी, सरळ, तोंडावर: मरावंसं वाटतं का? वाटत असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं, सोबत द्यायची. आणि मॅडमचा हट्ट असा की हे एकदा विचारून भागत नाही. कोर्टातनं परत आला, पुन्हा विचारा. घरनं वाईट निरोप आला, पुन्हा विचारा. मुलाखतीला कुणी येणार होतं आणि आलं नाही, पुन्हा.

आमच्या तुरुंगात तोंडाला विटाळ हा प्रकार नव्हता. सकाळच्या गिनतीपासून संध्याकाळच्या बंदीपर्यंत आई-बहिणीचा जो उद्धार व्हायचा तो जर कुणी कणगीत भरला असता तर जिल्ह्याला दुष्काळात पुरला असता. पण मरणाचा तो एक प्रश्न मात्र सोवळ्यातला. तो कुणी उच्चारत नसे. अधिकारी म्हणायचे ‘तसला प्रकार’. हवालदार म्हणायचे ‘ते’. मी म्हणायचो ‘नको ते’. आम्हा सगळ्यांना वाटे की तो शब्द म्हणजे दगडाखालचा विंचू आहे, दगड उचलला नाही तर विंचू नाही. आणि ही बाई रोज दुपारी टेबल मांडून एकेक दगड उचलत होती.

पहिले काही दिवस मी गंमत बघायला म्हणून जवळ बसायचो. उत्तरं पण एकेक! एक खिसेकापू म्हणाला, “मॅडम, मला न्हाई वाटत, पण माझ्या बायकोला इचारा, तिला वाटतंय मी मरावं.” दुसरा म्हणाला, “हितली आमटीच ते काम करनार हाय, मी कशाला तरास घिऊ?” मॅडम हसायची. खरी हसायची, आणि हसून झालं की तोच प्रश्न पुन्हा विचारायची. दुसऱ्यांदा विचारल्यावर बहुतेकांचा विनोद संपलेला असायचा. मोडनिंबकडचा एक पैलवान आला होता, मान अशी की मला वाटलं खांद्यावर रांजण ठेवलाय. त्याला तिनं अजून मोठा प्रश्न विचारलाही नव्हता. “झोप लागते का दादा?” एवढंच म्हणाली. तर तो रांजण हलला, आणि तो पैलवान हुंदके देऊन असा रडला की दवाखान्यातल्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या. बाटल्यांचं मी वाढवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. बरं, बाटल्या सोडा. रडला हे खरं आहे. नंतर म्हणाला, “धरल्यापास्नं लई जनांनी लई इचारलं. हे कुनी इचारलंच न्हवतं की.”

तेव्हापासून मी गंमत बघायला बसणं सोडलं. नुसता बसू लागलो.

आमचा बिराजदार हवालदार कन्नड आणि मराठी दोन्ही सारख्याच मोठ्या आवाजात बोलणारा. मिशा भरघोस, मन मऊ. सापाला भीत नसे, कैद्यांच्या मारामारीत छातीनं घुसायचा. पण मांजर आडवं गेलं तर मोटारसायकल बंद करून, पाणी पिऊन, मग पुढं जायचा. सीमेकडचे कैदी आले, मराठी जेमतेम असलेले, की दुभाष्याचं काम त्याच्याकडं असे. मोठा अभिमान होता त्याला त्या कामाचा. आणि तो करत असलेला अनुवाद इतका झटपट असायचा की मॅडमचं लांबलचक वाक्य तो दोन शब्दांत आटपायचा. कन्नड ही आटोपशीर भाषा आहे, असं मॅडमला वाटलं असावं.

त्या दिवशी गाडी कोर्टातनं उशिरा आली. ऊन कललं होतं, पण भिंती आता दिवसभर खाल्लेलं ऊन परत ओकत होत्या. खिडकीवर टांगलेलं ओलं पोतं सुकून कडक भाकरीसारखं झालं होतं. गाडीतनं शरणप्पा उतरला, आणि मी बघितलं, आधी एक पाय, मग थांबणं, मग दुसरा.

शरणप्पा दुधनीच्या बाजारातला हमाल. तुरीची पोती वाहून वाहून खांद्याला घट्टा पडलेला, चाळिशीतला, शांत. बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी भांडण झालं होतं. दोघांच्या सामायिक शेतात एकच बोअर, त्यात उन्हाळ्यानं उरलेलं वाटीभर पाणी. एका दुपारी शब्दानं शब्द वाढला, शरणप्पाचा हात उठला, आणि भाऊ पडला तो उठलाच नाही. त्याला सोलापूरला दवाखान्यात नेलं आणि याला इकडं आणलं. मधे एक उड्डाणपूल आणि चार चौक. तरी भाऊ जगला की गेला हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. घरचं कुणी मुलाखतीला आलं नव्हतं. येणार कोण, घर सगळं दवाखान्याच्या पायरीवर. आल्या दिवसापासनं हा माणूस ताट पुसून जेवायचा, दिलेलं काम करायचा, कुणाशी वाकडं नाही. बिराजदार म्हणायचा, “असले चार कैदी द्या, मी झोपून नोकरी करतो.” आज त्याच्या जामिनाला सुट्टीनंतरची तारीख पडली होती.

मॅडम घरी निघालेली. पिशवी खांद्याला, छत्री हातात. त्याला उतरताना तिनंही बघितलं. पिशवी काढून ठेवली आणि म्हणाली, “हवालदार, याला जरा बसवा.”

बसवलं. शरणप्पा स्टुलावर, मॅडम समोर, हवालदार मधे, मी औषधांच्या खिडकीत. झोपेचं विचारून झालं. घरचं विचारून झालं. मग मॅडमनं हळू आवाजात विचारलं, “तुम्हाला मरावंसं वाटतं का, विचारा त्यांना.”

बिराजदार शरणप्पाकडं वळला आणि खणखणीत कन्नडात म्हणाला, “ऊटा आतेन?”

शरणप्पा म्हणाला, “आतरी.”

“न्हाई म्हनतोय मॅडम,” हवालदारानं सांगितलं. “झकास हाय.”

आता सोलापुरात जन्मलेल्या माणसाला कन्नड एक वेळ येत नसेल, पण ऊटा म्हणजे जेवण हे माहीत नसलेला माणूस अजून आईच्या पोटातनं बाहेर यायचाय. मॅडमनं मान वर केली.

“हवालदार. मी जेवणाचं विचारलं नव्हतं.”

बिराजदारच्या मिशा जागच्या जागी सुकल्या.

“आजपर्यंत सगळ्यांना हेच विचारलंत?”

“मॅडम, मंग काय इचारू?” तो कळवळून म्हणाला. “दिवेलागनीची येळ. समोर जितंजागतं मानूस बसलंय. त्याला तोंडानं म्हनू, का मरतोस का बाबा? वास्तू तथास्तू म्हनत असती. माझ्या घरात लहान नातू हाय. लई वंगाळ असतंय तसलं बोलनं. जेवला का म्हटलं, तर मानूस ‘जेवलो’ म्हनतंय. जेवतंय ते मानूस मरतंय व्हय?”

मला त्याच्यावर हसू आलं नाही. त्यानं चुकवलं होतं खरं, पण ते आळसानं नव्हे, खोटेपणानं नव्हे. समोरच्याला ओरखडा नको म्हणून. किती प्रेमानं आम्ही माणसाला एकटं टाकत होतो, हे मला त्या क्षणी त्या मिशांमध्ये दिसलं, आणि खिडकीत हाताखालची लाकडी फळी मी घट्ट धरली.

मॅडम रागावली नाही. “ठीक आहे,” म्हणाली. “तुमच्या तोंडून नको. काका, तुम्हाला कन्नड येतं ना?”

चौदा भाषांचा मी गाजावाजा केला होता तो असा अंगावर आला.

मी बाहेर आलो. स्टूल ओढलं. शरणप्पाच्या समोर बसलो आणि घसा खाकरला. मला, खरं सांगतो, आयुष्यात एक वाक्य सरळ बोलता आलेलं नाही. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर मी पाऊण तास घेतला होता. मी सुरुवात केली, “हे बघ शरणप्पा, आमच्या आजोळी एक हत्ती होता...”

“काका,” मॅडम म्हणाली. “गोष्ट नको. प्रश्न.”

कन्नडात ते दोन-तीन शब्दांचं वाक्य आहे. त्यात दागिना घालायला जागा नाही. हत्ती नाही, चप्पल नाही, गुलाबी औषध नाही. जिभेवर ते वाक्य घेऊन मी बसलो आणि मला वाटलं, मी हे म्हणालो आणि याच्या मनात नसलेलं आलं तर? बिराजदार मागं भिंतीला हात लावून देवाचं नाव घेत होता. बाहेर गिनतीचे आवाज चालले होते. आणि मी ते म्हणालो. तुला मरावंसं वाटतं का.

तुम्ही हमाल पोतं उतरवताना बघितलाय? चढवताना सगळे बघतात, त्यात ताकद दिसते. उतरवताना बघा. पाठीवर ओझं असलेल्या माणसाला ते एकट्यानं खाली ठेवता येत नाही, टाकावं लागतं, नाहीतर कुणीतरी मागनं हात लावावा लागतो. आणि मागनं हात लागला की, ओझं अजून खाली गेलेलं नसतं, पण त्याच्या मानेतली शीर आधी सैल होते. शरणप्पाच्या मानेतली ती शीर मी माझ्या डोळ्यांनी सैल झालेली बघितली.

“हौद्री,” तो म्हणाला. होय जी.

काहीही पडलं नाही. छत जागेवर राहिलं. बिराजदारच्या नातवाला काही झालं नाही. तो आता बारावीला आहे आणि आजोबांना उलट बोलतो. मी इतकी वर्षं ज्या विंचवाला भ्यालो तो तिथं होताच, दगड उचलण्याआधीपासून होता, आणि दगडाखाली हा माणूस त्याच्याबरोबर एकटा होता.

मग शरणप्पा बोलला. कन्नडात, खाली बघून, न थांबता. अण्णाला मी मारलं. ज्या अण्णानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली. तो गेला असेल म्हणूनच कुणी सांगत नाही. तारीख पुढं गेली, तोवर मी कशाला थांबू. त्यानं काय काय ठरवलं होतं तेही सांगितलं. ते मी इथं सांगणार नाही. मी पुष्कळ काही सांगतो, पण ते नाही. आणि जेवण? जेवण तो ताट पुसून का जेवायचा? म्हणाला, अन्न टाकलं तर अण्णा रागावतो.

मी एकेक वाक्य मॅडमला मराठीत देत होतो. एकही शब्द वाढवला नाही. वाढवायला काही शिल्लकच नव्हतं.

मॅडम म्हणाली, “त्यांना सांगा, सांगितलंत ते फार बरं केलंत. सांगा की आजपासून तुम्ही एकटे नाही राहणार. आणि अण्णांचं काय झालं ते आम्ही शोधतो. खोटं सांगणार नाही.” शेवटचं वाक्य बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांना बोलावलं. शरणप्पाची जागा दवाखान्याच्या ओवरीत आली, चोवीस तास नजरेसमोर. सोबतीला अंबादास दिला. हा विणकर, चादरीच्या मागावर उभा जन्म गेलेला, घरची भाषा तेलुगू, शिक्षा जवळजवळ संपत आलेली. बोलण्यात मला मागं टाकणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस. माग थांबला तरी आडवं सूत पळवणारा धोटा त्याच्या जिभेत चालूच. तो तेलुगूत बोलायचा, शरणप्पा कन्नडात ऐकायचा, आणि भांडण झालं की दोघं मराठीत यायचे.

दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या साहेबांनी भाऊ होता त्या दवाखान्यात फोन लावला. भाऊ जिवंत होता. शुद्धीवर होता. डावा हात उचलत नव्हता, पण पाणी मागत होता. मी ही बातमी घेऊन ओवरीत असा धावलो की वाटेत दोन भिंती मधे आल्या त्या मी बघितल्या नाहीत. शरणप्पानं ऐकलं. तोंडावर टॉवेल धरला. मला वाटलं, झालं, मिटलं. मी मॅडमला म्हणालोसुद्धा, “आता काय विचारायचं राहिलं?”

“काका, बातमीनं मिटत नसतं,” ती म्हणाली. “आज परत विचारायचं. उद्या पण.”

आणि विचारणारा कोण? मीच. त्या उन्हाळ्यात रोज दुपारी, आकाश पितळी परातीसारखं झालेलं असताना, मी ओवरीत जायचो आणि तो एक सरळ प्रश्न विचारायचो. दिवसभराच्या माझ्या बोलण्यात तेवढं एक वाक्य खरं असायचं, आणि त्याच्या पुण्याईवर बाकीची खपून जायची. काही दिवस उत्तर यायचं, हौद्री. एकदा म्हणाला, सकाळी वाटलं, आता कमी आहे. ज्या दिवशी अण्णाचा ताप वाढल्याचं कळलं त्या दिवशी नुसती मान हलवली, आणि डॉक्टर पुन्हा आले, आणि मॅडम उशिरापर्यंत थांबली. मग एकदा, बाहेर कावळे मडक्यातल्या पाण्यावर भांडत होते, मी विचारलं, तर शरणप्पा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “आज विचार करायला वेळच गावला नाही. ह्या अंबादासनं सकाळपासनं डोकं खाल्लंय.”

अंबादास म्हणाला, “मी काय केलं? चादरीत फूल कसं उठवायचं तेवढं सांगत होतो की. अजून पानं सांगायची राहिलीत!”

मी आयुष्यात चमत्कार पुष्कळ सांगितले आहेत. बिनपाण्याच्या विहिरीत मासे सांगितले, बोलणारा बैल सांगितला. पण त्या ओवरीत, त्या भट्टीत, एक माणूस दुसऱ्या माणसाच्या बडबडीला वैतागला, आणि वैतागण्याइतका तो इथं होता, या गोष्टीपुढं माझे सगळे बैल मुके झाले. मी तिथंच पायरीवर टेकलो. पायरी तापलेली होती. भाजतंय हे बऱ्याच वेळानं कळलं.

परवा रसवंतीवर बिराजदार भेटला. निवृत्त झालाय, मिशा पांढऱ्या. उसाच्या रसाचा ग्लास धरून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग एकदम खाली बघून म्हणाला, “इचारलं मी.”

“कुणाला?”

“आमच्या मेव्हन्याला. धंदा बसला त्याचा, बोलंना-चालंना, त्याची बायको घाबरून गेली. मंग मी गेलो. दार लावलं, म्हनलं, मरावंसं वाटतंय का तुला? तोंडानं. मराठीत.”

“मग?”

“शिव्या दिल्या त्यानं मला. लई दिल्या. मंग रडला. मंग मी हितं आनला त्याला, रस पाजला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं नेलं.” ग्लास ठेवून तो म्हणाला, “कंपाउंडर, मी सापाला भीत न्हाई. पन त्या दाराची कडी दोनदा हातनं सुटली बघा.”

मी त्याच्या हाताकडं बघितलं. तुम्हाला वाटेल मी काहीतरी जोडीन. नाही जोडत.

तर त्या उन्हाळ्याचं सांगत होतो. सुट्टी अजून संपायची होती. एके दिवशी सकाळी मुलाखतीच्या खोलीत शरणप्पाला बोलावणं आलं. दुभाषी म्हणून नव्हे, राहवलं नाही म्हणून मी मागं गेलो. बिराजदार ड्यूटीवर होता, त्यानं मला दारात उभं राहू दिलं. जाळीपलीकडं, बायकोच्या आणि पुतण्याच्या आधारानं, डोक्याला पट्टी, डावा हात झोळीत, असा शरणप्पाचा अण्णा उभा होता. दवाखान्यातनं सोडल्यावर घरी न जाता आधी इकडं आला होता.

खोलीत दहा माणसं आपापल्या माणसांशी ओरडून बोलत होती. शरणप्पानं जाळीला कपाळ टेकलं. अण्णानं त्याला टेकू दिलं. किती वेळ ते मी मोजलं नाही. मी मोजलं असतं तरी तुम्ही खरं धरलं नसतं.

मग अण्णा म्हणाला, “बोअर आटलं.”

शरणप्पानं मान वर केली.

“त्याच आठवड्यात आटलं. तू इकडं, मी तिकडं, आणि बोअर आटलं. आता कसली पाळी अन कसलं काय.” अण्णाचा आवाज खरखरीत, प्रत्येक शब्दाला दम लागत होता. “नवं घ्यायचं हाय. मी म्हणतोय चिंचेखाली घ्यावं.”

शरणप्पानं नकारार्थी मान हलवली. मग अगदी हळू म्हणाला, “चिंचेखाली दगड हाय, अण्णा.”

“दगड कुणी सांगितला?”

“मी खणलंय तितं. तुमी तवा पुण्याला हुता. वड्याच्या बाजूला घ्या.”

“वड्याला खारं लागंल.”

“न्हाई लागायचं.”

“तू सांगनार व्हय मला?”

हे सगळं कन्नडात. मी आपल्यासाठी मराठीत आणलंय, आणि आणताना, शपथ घेऊन सांगतो, एक शब्द वर टाकला नाही. अण्णाच्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. अण्णानं धरलेला श्वास सोडला आणि जाळीच्या अगदी जवळ आला.

“ह्या बाईंनी समदं सांगितलंय मला,” तो म्हणाला. मॅडम मागं भिंतीशी उभी होती. “ऐक. बोअर पाडायची गाडी मी आता बोलवत न्हाई. कोर्ट उघडू दे. तू येऊस्तोवर बोअर घ्यायचं मी थांबतो.” मग थोरल्या भावाच्या आवाजात, जत्रेत खांद्यावरच्या पोराला विचारावं तसं: “तू थांबतोस न्हवं?”

त्या खोलीतल्या बाकीच्या जाळ्यांवरचा आरडाओरडा चालूच होता, पण मला तो ऐकू येईना. बिराजदार हातातली घंटा पोटाशी दाबून उभा होता, वाजू नये म्हणून. वेळ संपून गेली होती. मी माझ्या चौदाही भाषा घेऊन दारात उभा होतो आणि त्या सगळ्या भाषांमध्ये मला दुसरा कुठलाच शब्द ऐकायचा नव्हता.

शरणप्पानं जाळीत बोटं अडकवली.

“थांबतो, अण्णा,” तो म्हणाला. “पण चिंचेखाली न्हाई घ्यायचं.”

“ते बघू,” अण्णा म्हणाला. “ते तू आल्यावर भांडू.”